कागायांच्या गाडीतली ठेव

उत्तर जपानमधल्या योकोतेच्या खोऱ्यात माणसाची पारख दोन गोष्टींवरून होते. दारातला बर्फ त्याने कुणाच्या हद्दीत लोटला, आणि त्याची गाडी पहिल्या चढाला किती कुरकुरली. तादाओ तेरुई या दोन्ही परीक्षा वर्षानुवर्षं वरच्या श्रेणीत पास होत आला होता. बर्फ तो स्वतःच्याच कुंपणाशी रचायचा. गाडीचं मात्र एका वाक्यात सांगता येणार नाही.

तेरुई न्हावी. वडीलही न्हावी. स्टेशनमागच्या गल्लीत दोन खुर्च्यांचं दुकान, मध्ये रॉकेलची शेगडी, तिच्यावर सदैव उकळत असलेली किटली. दुकानाचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण वडिलांनी वस्तऱ्याआधी तोच हातात दिला होता. नेहमीच्या गिऱ्हाइकाला ‘कसे कापू?’ असं विचारायचं नाही. ते वाटसरूला विचारायचं. ज्याचं डोकं आपण दहा वर्षं हातात धरलं त्याला असं विचारणं म्हणजे व्याह्याला दारात उभं करून ‘आपण कोण?’ म्हणण्यासारखं. वडिलांनी एकदा विसरभोळेपणाने एका शाळामास्तरांना विचारलं होतं. मास्तरांनी त्या दिवशी केस कापून घेतले, आणि पुढची उरलेली हयात शेजारच्या गावात जाऊन कापून घेत राहिले.

सोमवारी दुकान बंद. त्या दिवशी तेरुई पेटी घेऊन डोंगरातल्या वाड्यांवर जायचा. तिथे अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं होती, आणि केसांना आपला मालक अंथरुणावर आहे की शेतात याच्याशी देणंघेणं नसतं. ते वाढतातच. या सोमवारांसाठी त्याने ती गाडी घेतली होती, असं तो सांगायचा. त्याची बायको फुसाए, जी दुसऱ्या खुर्चीवर बायकांच्या चेहऱ्याची लव काढायची, ती सांगायची की सोमवार या गाडीसाठी काढलेत.

गाडी म्हणजे लांबोडकी, कुटुंबवत्सल, गडद हिरवी, चारही चाकांनी ओढणारी. मुलगी बालवाडीत गेली त्या वर्षी घेतलेली. मुलगी आता सेन्दाईला नांदते आहे आणि तिचाच मुलगा बालवाडी संपवून बसला आहे. एवढ्या काळात तेरुईने त्या गाडीचं काय केलं नाही? बर्फात पोट घासू नये म्हणून ती दोन बोटं उंच केली. धक्के झेलणारे मागचे दट्टे बदलून कडक बसवले. त्याच जातीच्या एका वेगवान भावंडाचे मोठे ब्रेक आणून लावले. अपघातात गेलेल्या एका गाडीच्या तापणाऱ्या सीट फुसाएसाठी बसवल्या, म्हणजे तसं तिला सांगितलं. रस्त्यावर टाकलेलं मीठ लोखंड खातं, म्हणून दर शरदात तो तिच्या पोटाखाली आडवा होऊन काळा लेप फासायचा आणि वर येऊन आंघोळीच्या पाण्याची वाट लावायचा. दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी आली की जे जे नियमात बसत नसेल ते उतरवून गाडीला मूळ अवतारात न्यायचं, आणि शिक्का पडला की पुन्हा नटवायचं. फुसाए म्हणायची, “पोरीला एका लग्नात उजवली. हिची मात्र दर दोन वर्षांनी पाठवणी आणि दर दोन वर्षांनी माहेरपण.”

कागाया यांची ओळख भंगारच्या आवारात झाली. तीच गाडी, तोच रंग, फक्त एक वर्ष धाकटी. आवारात अशीच एक हिरवी पडली होती आणि दोघांचे हात एकाच वेळी तिच्या मागच्या दिव्यावर पडले. कागाया तेव्हा शाळेची बस चालवत. तेरुईपेक्षा तेरा वर्षांनी मोठे, आवाज बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

“हात काढ. मी सकाळपासून हिच्या मागावर आहे.”

“मग सकाळीच का नाही काढला?”

“पाना घरी राहिला.”

तेरुईकडे पाना होता. दिवा कागायांनी नेला आणि पुढच्या रविवारी घरी धुरावलेल्या मुळ्याच्या लोणच्याचा आख्खा दांडा घेऊन आले. तेव्हापासून ते तेरुईचे गिऱ्हाईक झाले आणि तेरुई त्यांचा सहकारी. महिन्यातून एकदा खुर्चीत बसायचे, मान मागे टाकायचे, आणि दोघं पुढचा तासभर कुठल्या गाडीचा कुठला भाग कुठल्या गाडीला बसतो यावर बोलायचे. शेजारच्या खुर्चीवरच्या बायका आधी ऐकायच्या, मग झोपायच्या. कागायांचे शेरे तिखट होते. “न्हाव्याचा हात हलका हे कबूल. पण पाना तू कंगव्यासारखा धरतोस.” तेरुईला राग येत नसे. पाना कंगव्यासारखा धरूनच तो त्यांच्यापेक्षा बारीक काम करायचा, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

आता या गाड्यांच्या एका दुखण्याबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. चारही चाकं ओढणारी गाडी वळते तेव्हा पुढची चाकं लांबचा फेरा घेतात, मागची आखूड. मध्ये कुणीतरी समजूतदारपणे थोडं सैल सोडावं लागतं. ते काम गिअरबॉक्सच्या मागे बसवलेला एक डबा करतो. त्यात तेलात बुडालेल्या चकत्या असतात आणि त्या चकत्यांना धरणारा एक ढोल. दोघंही त्याला शेपूट म्हणत. ढोल झिजून त्यावर खाचा पडल्या की चकत्या त्यात अडकतात, शेपूट सैल सोडत नाही, आणि गाडी वळताना कुणी मागून धरून ठेवल्यासारखी ठेचकाळत उड्या मारते. कारखान्याने हे भाग बनवणं कधीच थांबवलं होतं. चकत्यांचा शेवटचा नवा संच या खोऱ्यात आला तो तेरुईने मागवलेला. बर्फात घसरून दरीत गेलेल्या एका गाडीचं शेपूट त्याने मिळवलं, आणि एक हिवाळाभर संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर तो ढोल मांडीवर घेऊन बसला. कानशीने खाच मोठी होते. म्हणून त्याने वडिलांचा वस्तऱ्याचा दगड घेतला, सगळ्यांत मऊ होता तो, आणि एकेक खाच निघेपर्यंत घासली. वसंतात ते शेपूट असं झालं की चकत्या बोटाने ढकलल्या तरी सरकाव्यात.

त्याची स्वतःची गाडी तेव्हा ठणठणीत होती. कागायांची ठेचकाळायला लागली होती.

“कपाटात ठेवू नकोस,” कागाया म्हणाले. “रबर सुकतं. चकत्या एकमेकींना चिकटून बसतात. तेलात फिरणारी वस्तू तेलातच जगते. माझ्या गाडीत ठेव. तुझी बिघडली की काढून घे.”

कुणी बाहेरचा हे ऐकता तर हसला असता. ठेव म्हणून वस्तू दुसऱ्याच्या गाडीत बसवून द्यायची, आणि ती रोज झिजवून सांभाळायची! लोक सोनं कुलपात ठेवतात. पण जुन्या गाड्या पाळणाऱ्यांना यात वावगं काही वाटत नाही, उलट असं शहाणपण फक्त त्यांनाच सुचतं. तेरुईलाही पटलं. दोघांनी मिळून शेपूट कागायांच्या गाडीला लावलं. मग गरम साके आणि धुरावलेला मुळा यांच्या साक्षीने आणखी एक ठरलं: जो आधी गाडी सोडेल, त्याची गाडी हाडामांसासकट दुसऱ्याला. मधे तिसरा कुणी नाही. कागद केला नाही. कागद परक्यांत करतात.

ही ठेव कागायांच्या गाडीखाली कित्येक हिवाळे फिरली. कागाया निवृत्त झाले, त्यांची बायको गेली, सायतामातली मुलगी वर्षातून एकदा येऊन “बाबा, आता परवाना परत करा” म्हणायला लागली. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी गाडी तोफूवाल्याच्या भिंतीला घासली. भिंतीचं फार गेलं नाही, पण खोऱ्यात बातमी गेली. ओबोनच्या, म्हणजे पितर घरी येतात त्या दिवसांत तेरुई त्यांच्या बायकोच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावायला गेला तेव्हा गाडीच्या छपरीचं शटर खाली होतं. गाडी बघू म्हणाला तर कागाया म्हणाले, गंजलंय, उघडत नाही. शरदात त्यांनी पोलीस ठाण्यात जाऊन परवाना परत केला. तेरुईनेच त्यांना नेलं आणि आणलं. वाटेत कागाया बाजूच्या सीटवर बसून उजवा पाय ब्रेकवर असल्यासारखा दाबत होते. तेरुईने ते बघितलं आणि रस्त्याकडे बघत राहिला.

बर्फ पडायच्या तोंडावर तेरुईची गाडी सहकारी बाजाराच्या आवारात वळताना ठेचकाळली. एकदा, मग पुन्हा. खरं सांगायचं तर त्याला वाईट वाटलं नाही. पोरीच्या लग्नातल्या कपाटासाठी लावलेलं झाड तोडायची वेळ आल्यावर बापाला जसं वाटतं, तसं काहीतरी वाटलं. त्याने खाली वाकून बघितलं. ढोल गेला होता, आता दगडाने निघण्यापलीकडे. साकेची बाटली घेऊन तो कागायांच्या चढावर गेला.

छपरीचं शटर उघडं होतं. आत मुळे टांगले होते. गाडी नव्हती.

कागाया अंगणात आले आणि काही विचारायच्या आत सांगू लागले. मुलगी आली होती, घाई केली तिने, क्रेनचा ट्रक बोलावला. भंगारात गेली.

“शेपूट?”

“सगळ्यासकट. चेंगरून एवढीशी झाली असेल आता.” त्यांनी हातांनी तोफूच्या डब्याएवढा आकार दाखवला. “तुला फोन करणार होतो, तादा. हात धजेना.”

मग आत जाऊन त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू आणली. गाडीतली राखदाणी. एवढी वाचवली म्हणाले, तुझ्यासाठी.

तेरुईने राखदाणी दोन्ही हातांनी घेतली, अंत्यसंस्कारानंतर हाडं घेतात तशी. आणि मग पुढचा तासभर त्यानेच कागायांचं सांत्वन केलं. बायको गेली, परवाना गेला, आता गाडीही. आपण आपल्या शेपटीचं काय घेऊन बसलो आहोत, असं त्याला वाटलं आणि लाज वाटली. आणलेली बाटली त्याने त्यांनाच ओतली.

फुसाएने राखदाणी उलटसुलट करून बघितली. “भंगारवाला ट्रक घेऊन आला की माणूस गांगरतो. तो राखदाणी कशाला काढत बसेल? मयताच्या मनगटावरचं घड्याळ ज्याने आधीच काढून ठेवलं, त्याला मरणाची तारीख ठाऊक असते.” तेरुई म्हणाला की तुला माणसांविषयी वाईटच सुचतं. राखदाणीत त्याने केसांचे चिमटे ठेवले आणि ती आरशाखाली मांडली.

गाडीला एक उपाय होता. बॉनेटखाली एका रिकाम्या खाचेत फ्यूज खोचला की शेपूट कायमचं सैल पडतं. मागची चाकं नुसती फरपटत येतात, पुढची दोनच ओढतात. ठेचकाळणं थांबतं. त्याबरोबर डोळ्यांसमोर एक बारका दिवा लागतो आणि तो विझत नाही. चार पायांचं जनावर दोन पायांवर चालवायचं, आणि वर दिवा लावून सांगायचं.

जानेवारीत एका सोमवारी तो वरच्या वाडीला निघाला. तिथे शिगे आजी होत्या, अंथरुणातल्या, उशीत केस अडकतात म्हणून दर महिन्याला अगदी बारीक कापून घेणाऱ्या. ‘मला आर्मीत घ्यायला आलेत असं वाटलं पाहिजे,’ असं त्यांचं म्हणणं. वाटसरूंना सांभाळणाऱ्या तीन दगडी जिझो-देवांच्या वळणावर पुढची चाकं बर्फात नुसती फिरू लागली. मागची दोन बघ्यासारखी स्वस्थ. तेरुई उतरला, मागे रेटून गाडी कडेला लावली, पेटी काढली आणि चालायला लागणार तेवढ्यात खालून एक गाडी आली. तिने ते वळण एका दमात घेतलं, न ठेचकाळता, तांब्यातून पाणी ओतावं तशी.

गाडी हिरवी होती. डाव्या दारावर तोफूवाल्याची भिंत उमटलेली होती. आत गिअरची मूठ चेरीच्या लाकडाची होती, जी तेरुईने स्वतः कागायांच्या सत्तरीला दिली होती.

काच खाली झाली. आत तिशीचा एक तरुण, डोक्याला लोकरीची टोपी. वर सोडू का म्हणाला. तेरुई बसला. दुसरं काय करणार होता?

तरुणाचं नाव ओनोदेरा. तोक्योहून येऊन वरच्या वाडीत एक जुनं घर घेतलं होतं, घरात बसून कॉम्प्युटरवर काम करायचा, आणि लहानपणी बापाकडे अशीच गाडी होती म्हणून या गाडीच्या मागे होता. बोलघेवडा. ज्या विषयाचं कुणी ऐकून घेत नाही त्या विषयाला अचानक श्रोता मिळाल्यावर माणूस जसा होतो तसा.

“ऐकताय? वळताना आवाज नाही. या गाड्यांचं मागचं जातं, गेलं की संपलं. पण आधीच्या मालकांनी स्वतः करून ठेवलंय. हिवाळाभर बसून ढोल घासला. कानस नाही लावली. वस्तऱ्याचा दगड वापरला, बोला! ओळखीचा कुणी न्हावी होता, त्याच्याकडून मागून आणला होता म्हणे.”

“न्हावी,” तेरुई म्हणाला.

“हो. त्याला गाडीतलं फारसं कळत नव्हतं. पण दगड चांगला होता.”

“दगड चांगला असेल.”

ओनोदेराची नजर मांडीवरच्या पेटीकडे गेली. “तुम्हीच की काय तो?”

“या खोऱ्यात न्हावी पुष्कळ आहेत,” तेरुई म्हणाला. तीन उरले होते, आणि त्यातल्या एकाचा हात थरथरायचा.

गाडी कधी घेतली, हे त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं. ओबोनच्या आधी, ओनोदेरा म्हणाला. मालक फार भले, निघताना रडले. फक्त राखदाणी राहिली. मी सिगरेट ओढत नाही, पण तिथे ते भोक बघवत नाही. सगळीकडे शोधतोय.

तेरुई त्या भोकाकडे बघत बसला. ओबोनच्या आधी. म्हणजे तो देव्हाऱ्यापुढे हात जोडून बसला होता तेव्हा त्या न उघडणाऱ्या शटरच्या मागे काहीच नव्हतं, आणि ते झाकायला गंज पुढे केला होता. म्हणजे पोलीस ठाण्याच्या वाटेवर दाबला जाणारा तो पाय ज्या गाडीसाठी दाबला जात होता, ती आधीच दुसऱ्याची झाली होती. त्याने सांत्वन केलं होतं. बाटली ओतली होती. आणि पायाखाली, तेलात, त्याने मांडीवर घासलेला ढोल इतका सुरेख चालत होता की त्याला स्वतःचा अभिमान वाटला. गाडी गेली असती तर गेली असती. इथे ती जिवंत होती आणि तो तिच्यातून पुसला गेला होता. उरला होता फक्त दगड.

शिगे आजींनी डोळे मिटूनच विचारलं, “आज गप्पसा? गाडी मेली की काय?”

“नाही,” तो म्हणाला. “जिवंत आहे.”

घरी आल्यावर त्याने फुसाएला सांगितलं. ती ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं म्हणाली नाही. त्यावरून प्रकरण किती वाईट आहे हे त्याला कळलं. थोड्या वेळाने तिने एवढंच सुचवलं की त्या पोराला खरं सांगा, भला दिसतो, तो काढून देईल.

तेरुईनेही तेच ताडलं होतं, आणि अडचण तीच होती. तो देईल. माफी मागून देईल. मग शेपूट आपल्या गाडीत येईल आणि पोराची गाडी तीन जिझोंच्या वळणावर उभी राहील, दोन पायांवर, दिवा लावून. ज्या गाडीचं वळण इतकं स्वच्छ आहे ती हाताने लंगडी करायची, आणि तीही बर्फाच्या ऐन मध्यात. हे काम करू शकणारा माणूस कदाचित असतो. त्याने तसा ढोल मात्र घासलेला नसतो.

पुढच्या सोमवारी वळणाखाली गाडी लावून तो चालतच वर गेला, आणि शिगे आजींकडे जाण्याआधी ओनोदेराच्या दारात थांबून राखदाणी दिली. चिमटे काढून, धुऊन, पुसून. ओनोदेराला इतका आनंद झाला की त्याने तिथल्या तिथे बूट न घालता गाडीत जाऊन ती बसवली. टक्‌ असा आवाज आला.

“कुठे मिळाली हो?”

“एका मयताच्या घरी,” तेरुई म्हणाला.

ओनोदेरा चपापला आणि आदराने वाकला.

आता खोऱ्यात असं आहे की आनंद झाला की माणूस ज्याच्यामुळे झाला त्याला कळवतो. ओनोदेराने त्याच संध्याकाळी कागायांना फोन करून सांगितलं असणार की खालचा एक न्हावी राखदाणी देऊन गेला. कारण दुसऱ्या दिवशी दुकानात कागायांचा फोन आला. आवाज बसच्या पहिल्या बाकापर्यंतही पोचला नसता. केस वाढलेत, म्हणाले. चालत उतरणं होत नाही. तू वाड्यांवर जातोस तसा माझ्याकडेही येशील का?

फुसाए म्हणाली, जाऊ नका. तेरुई म्हणाला, केस वाढलेत.

कागायांचा चढ दोन चाकांना झेपण्यातला नव्हता. गाडी खाली ठेवून पेटी घेऊन तो वर आला तेव्हा कागाया छपरीच्या दाराशी उभे होते, आणि त्याची वाट त्यांनी नुकतीच फावड्याने साफ केलेली दिसत होती. शेगडीजवळ खुर्ची मांडली होती, समोर बायकोचा छोटा आरसा टेकवून ठेवला होता. धुरावलेला मुळा कापून बशीत ठेवला होता. तेरुई मुळ्याकडे वळला नाही. पेटी उघडली, कात्री काढली.

कागाया बसले आणि आरशात न बघता बोलू लागले.

“तुला दिली असती तर तू ती फाडली असतीस.”

तेरुई टॉवेल गरम पाण्यात बुडवत होता.

“तेच तर ठरलं होतं. हाडामांसासकट. मीच म्हटलं होतं. पण ते म्हटलं तेव्हा ती चालत होती, तादा. मग हा पोरगा आला, बापाची गाडी म्हणाला, चालवीन म्हणाला. मी मुलीचं नाव घेतलं. मुलीला तर माहीतही नाही.”

“शेपूट माझं होतं.”

“काढलं असतं तर ती चालली नसती.”

“नसती.”

कागायांचे हात मांडीवर होते, उजवा पाय थोडा पुढे. “आणि तो विचारत होता रे. कुणी केलं, कसं केलं. निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारलं नाही. बोलता बोलता... दगडाचं सांगितलं मी. दगड तुझा आहे हे सांगितलं.”

तेरुईने टॉवेल पिळला, मानेवर ठेवला, उचलला. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. राखदाणीचं होतं, गंजलेल्या शटरचं होतं. त्याने उदबत्ती लावताना ज्या वहिनींना ‘आम्ही दोघं ठीक आहोत’ असं मनात सांगितलं होतं, त्यांचंही होतं. रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. रागावलेला माणूस निदान अजून हिशेब चालू ठेवतो. कागाया मान खाली घालून त्याचीच वाट बघत होते.

त्याने पांढरं कापड झटकलं, त्यांच्या गळ्याभोवती बांधलं, मागची गाठ सैल आहे ना हे बोट घालून बघितलं. कंगवा हातात घेतला. आरशात त्यांच्याकडे बघून, दुकानात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या वाटसरूशी बोलतात त्या नम्र आवाजात त्याने विचारलं,

“कसे कापायचे?”

कागायांनी वर बघितलं. शेगडीवर किटली वाजत होती.

“तादा.”

तो थांबून राहिला. गिऱ्हाईक विचार करत असेल तर थांबायचं, हेही वडिलांनीच शिकवलं होतं.

“नेहमीसारखे,” कागाया शेवटी म्हणाले.

“नेहमीचे म्हणजे?”

कागायांनी कापडाखालून हात काढून कानाशी नेला. कानावरून किती, मागे किती, भांग कुठल्या बाजूला, हे सांगायला ते तोंड उघडत होते आणि मिटत होते. इतकी वर्षं ते दुसऱ्याच्या हाताला ठाऊक होतं, म्हणून त्यांनी स्वतः कधी बघून ठेवलं नव्हतं. त्यांनी आरशात स्वतःचं डोकं एका बाजूने बघितलं, मग दुसऱ्या बाजूने.

“थोडे... कानावरून थोडे,” ते म्हणाले. “पुढचं मला सांगता येत नाही.”

“सावकाश सांगा,” तेरुई म्हणाला. कंगवा हातात तसाच धरून तो उभा राहिला.